मथुराबाईंची भिंत
हिंदुरावांनी हडपसरच्या मळ्यात घर बांधायला काढलं. नकाशा शहरातल्या नीरजाबाई आर्किटेक्टचा. दक्षिणेला जाड दगडी भिंत, बाहेरून काळा रंग, तिच्यापुढे वीतभर अंतर सोडून काच. हिवाळ्यातलं तिरपं ऊन काचेतून भिंतीवर पडणार, भिंत दिवसभर तापणार आणि रात्री ती ऊब खोलीत सोडणार. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, तेव्हा छज्ज्याची सावली.

काचेमागं भिंत बघून गवंडी चुकला असं लोकांनी ठरवलं. काहीजण तर दुकान कसलं निघतंय ते विचारून गेले. हिंदुरावांच्या बायकोची, मैनाबाईंची, थोरली बहीण मथुराबाई. त्या वास्तुशांतीला सगळ्यांसमोर हिंदुरावांना म्हणाल्या, "पाव्हणं, खिडकीतनं भिंत बघायची हौस म्या पहिल्यांदाच बघितली."

थंडी पडली तशी त्याच मथुराबाई दोन दिवसांसाठी आल्या, भिंतीला पाठ लावून बसल्या आणि संक्रांत गेली तरी हलल्या नाहीत. टीव्हीवर काय लावायचं, आमटीत तिखट किती, हिंदुरावांनी चहा कितीदा प्यायचा, सगळं तिथूनच ठरू लागलं.

शेवटी हिंदुरावांनी नीरजाबाईंना फोन करून घर थंड कसं करायचं ते विचारलं. दिवसा काच झाकली की भिंत तापणार नाही, असं सांगून त्यांनी कारण विचारलं. हिंदुरावांनी खरं ते सांगितलं.

"पाहुणे घालवणं आमच्या कामात येत नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हिंदुरावांनी काचेवर ताडपत्री टाकली. धूळ बसते, असं बायकोला सांगितलं. भिंत हळूहळू गार पडली. मथुराबाईंनी एक गोधडी मागितली, मग आणखी एक. दुसरी मैनाबाईंनी नवऱ्याच्या अंगावरची काढून दिली. सकाळी हिंदुरावांची कंबर धरली. वाकत वाकत ते बाहेर गेले आणि ताडपत्री ओढू लागले, तर मागे मथुराबाई उभ्या.

"ताडपत्री म्या पयल्याच दिवशी बघितली व्हती," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बघू तरी पाव्हणं किती दम धरत्यात."

संध्याकाळी भिंत पुन्हा कोमट झाली. मथुराबाईंनी सरकून जागा करून दिली. हिंदुराव कंबर टेकून बसले.

"शिमग्यापत्तूर ऱ्हाईन म्हनते," मथुराबाई म्हणाल्या.

कंबर छान शेकत होती. हिंदुरावांनी डोळे मिटूनच मान हलवली.