नेव्हिलला मीच बोलावलं

आमच्याकडे घराबाहेर पडताना माणूस देवाचं नाव घेत नाही, रेडिओवर बोलतो. कुठे निघालो, कोणत्या वाटेने, आणि अंधाराआधी परतलो नाही तर कुणी शोधायला यायचं, हे सांगितल्याशिवाय कुणी गाडीला चावी लावत नाही. सगळ्या घरांत आणि सगळ्या गाड्यांत तो रेडिओ दिवसभर खरखरत असतो. त्यामुळे शेजारी नजरेच्या टप्प्यात नसला तरी कुणाचं काही लपत नाही. पलीकडच्या घरातल्या बेरिलचं पोट बिघडलं तरी सगळ्यांना कळतं, कारण ती स्वतःच सांगते.

माझा भाऊ लायल एका सकाळी गुरांच्या पाण्याची बोअर बघायला गेला. पंपात डिझेल घालायचं, टाकी भरलीय का बघायचं, एखादी गाय मरून पडली असेल तर ओढून लांब टाकायची, एवढंच काम. संध्याकाळी रेडिओवर त्याचा आवाज आला नाही. मी त्याला शिव्या घालत बसले. पंक्चर झालं असेल, तिथेच आडवा झाला असेल मेला, घोरत असेल. जीव थाऱ्यावर नसला की मला शिव्याच सुचतात. नवरा गेल्यापासून त्या घरात आम्ही दोघंच, आणि लायलशिवाय माझं या जगात दुसरं कुणी नाही.

उजाडल्याबरोबर मी रेडिओ उचलला. "नेव्हिल, ऐकतोयस ना?"

नेव्हिल आमचा शेजारी. त्याची हद्द आमच्या नऊ नंबरच्या बोअरला लागते. माझ्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत पहिला तो होता.

"बोल गं डेल."

"लायल घरी आला नाही. नऊ नंबरलाच असणार. मी निघाले बघायला."

तो म्हणाला, "तू कशाला उन्हात मरतेस? मला जवळ आहे. मी बघून येतो, तू चहा टाक."

"चहा टाकून वाट बघत बसायचं वय नाही झालं माझं अजून. तू तुझ्या बाजूने ये, मी माझ्या बाजूने येते. गाडी रुतली असेल तर दोघं लागू."

"बरं," तो म्हणाला.

किती गुणाचा माणूस, असं माझ्या मनात आलं. आग लागो त्या मनाला.

नऊ नंबरच्या पाण्याभोवती आमचा कोंडवाडा आहे. गुरं धरायची असली की आम्ही मोठं दार बंद करतो आणि एकच अरुंद वाट उघडी ठेवतो. तिच्या लोखंडी दांड्या अशा तिरक्या बसवल्यात की तहानलेलं जनावर आत शिरतं, पण बाहेर पडू शकत नाही. एरवी मोठं दार सताड उघडं असतं. मी पोचले तेव्हा त्याला साखळी होती. आत नुसत्या गाया. आचळं दुधाने तटतटलेली, आणि सगळ्या गळा फाटेस्तोवर हंबरत होत्या. वासरू एकही नाही. जमिनीवर मोठ्या ट्रकच्या चाकांच्या ताज्या खुणा.

लायल टाकीच्या सावलीत पडला होता. उजवी मांडी भलत्याच ठिकाणी वाकलेली. टाकीचा नळ गळका आहे, मीच कितीदा दुरुस्त कर म्हणून डोकं खाल्लं होतं त्याचं. त्या नळाखाली तोंड नेऊन तो जगला होता.

"किती उशीर," तो म्हणाला.

"हो का? चल, बोलतोयस म्हणजे मेला नाहीस." मी त्याचा पाय बघितला. "कुणी केलं हे?"

"नेव्हिल."

मी त्याच्याजवळ गुडघे टेकले.

"अजून मालकीचा डाग न दिलेली वासरं ट्रकमध्ये भरत होता. आपली वासरं. मी ट्रकपुढे उभा राहिलो. वाटलं, नेव्हिल आहे, थांबेल." त्याने ओठ चाटले. "नाही थांबला. मग उतरून आला, बघितलं मला. गाडीची चावी नेली, बंदूक नेली, रेडिओची वायर तोडली. माफ कर रे, म्हणाला, आणि गेला."

पश्चिमेला बघितलं तर लाल धूळ उठलेली. नेव्हिल येत होता. मीच त्याला बोलावलं होतं, सगळ्या मुलखाला ऐकू जाईल अशा आवाजात.

रेडिओवर ओरडून सांगावं असं वाटलं. पण तो ऐकत होता, त्याच्याकडे बंदूक होती आणि बाकीचे सगळे काही तासांच्या अंतरावर. त्यात लायल म्हणजे पोसलेला बैल. त्याला मी एकटी हलवूसुद्धा शकत नव्हते. माझ्या भावाला उचलायला मला दुसरा माणूस हवाच होता, आणि येत होता तो हा.

"तू शुद्धीत नाहीस," मी लायलला म्हणाले. "कळलं? काहीही झालं तरी शुद्धीत नाहीस."

"मी सोडणार नाही त्याला."

"उभं राहता येत नाही आणि म्हणे सोडणार नाही! डोळे मिट, गाढवा."

नेव्हिल गाडीतून उतरला. बंदूक सीटच्या मागे, सगळ्यांची असते तिथेच. लायलला बघून तो मटकन खाली बसला. ते सोंग नव्हतं, एवढं मी आजही सांगेन.

"जिवंत आहे?"

"आहे म्हणायचं."

"काही बोलला?"

"आईला हाका मारतोय. आई जाऊन किती वर्षं झाली."

"आणखी काही नाही?"

"आणखी काय बोलणार, नेव्हिल? पाय बघ त्याचा."

त्याने पाय बघितला नाही. "एखादी गाय अंगावर आली असेल," तो म्हणाला.

"नाहीतर या शहाण्याने टाकीवरून उडी मारली असेल."

"तसाच आहे तो."

"तसाच आहे."

आम्ही दोघं हसलो. जन्मात एवढं घाणेरडं हसले नाही मी.

"माझ्या गाडीत घालू," नेव्हिल म्हणाला. "तुझ्या हौद्यात डिझेलची टाकी आहे, त्याला आडवं कुठे करणार? माझ्यात गादी आहे, वर ताडपत्री आहे."

खरं होतं ते. आणि आमच्याकडे मदतीला नाही म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकणं. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि माझ्यापाशी एकच कारण होतं.

"बरं होईल," मी म्हणाले. "थांब, आधी डॉक्टरांच्या विमानाचं सांगते."

मी माझ्या गाडीतला रेडिओ हातात घेतला आणि नेव्हिलकडे बघत बोलले. "बेरिल, सगळेच ऐका. लायल सापडला. मांडी मोडलीय, पण जीव आहे. नेव्हिल धावून आलाय. त्याच्याच गाडीतून आम्ही दोघं येतोय. डॉक्टरांना सांग, विमान आमच्या धावपट्टीवर उतरवा."

मग काय, रेडिओला उधाणच आलं. "देव भलं करो त्याचं!" ही बेरिल. "नेव्हिल, वर्षभराची बिअर माझ्याकडून!" हा पलीकडचा म्हातारा मर्व्ह, जो कुणाला पाणीसुद्धा फुकट पाजत नाही. "आम्ही धावपट्टीवर येतोच, नेव्हिल." "शाब्बास रे नेव्हिल."

नेव्हिल लायलच्या डोक्याशी उभा राहून हे सगळं ऐकत होता. मी भावाला त्याच्या स्वाधीन केलं होतं ते दवंडी पिटून. आता आम्ही पोचलो नाही तर जाब कुणाला विचारायचा, हे सगळ्यांना माहीत झालं होतं. पण वाटेत अपघातही होतात, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

दोघांनी मिळून लायलला उचललं. खोटं कशाला बोलू, नेव्हिलने त्याला लेकरासारखं जपून ठेवलं. मी हौद्यात लायलशेजारी बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

वाट खराब. लायल दात आवळून पडला होता. मग एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की तो किंचाळला.

"हळू, नेव्हिल! काल मारून पोट भरलं नाही का तुझं?"

केबिनची मागची काच उघडी होती. मी लायलच्या तोंडावर हात दाबला, पण आता काय उपयोग? गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि फाट्यावर येऊन थांबली. डावीकडे आमची धावपट्टी. उजवीकडे जुन्या खाणी, तोंडं तशीच उघडी. त्यात पडलेलं जनावर आम्ही काढायलाही जात नाही.

नेव्हिल बंदूक घेऊन मागे आला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तू यायच्या आधीपासून."

"आणि तरी माझ्या गाडीत घातलंस त्याला?"

"मग काय करू?" मी ओरडले. "त्याला पंखांवर बसवून नेऊ? मला एकटीला तो उचलत नाही. तूच होतास, म्हणून तुझ्या गाडीत घातला!"

"मी थांबणार होतो, डेल. पाय ब्रेकवर गेलाच नाही."

"नाही गेला, मान्य. पण नंतर रात्रभर तो तिथे पडला होता आणि तू तुझ्या बिछान्यात होतास. तेव्हा कोणत्या ब्रेकवर पाय ठेवला होतास?"

बंदुकीची नळी आमच्याकडे नव्हती, पण लांबही नव्हती. मी लायलच्या अंगावर आडवी झाले. भीती वाटली. मी कसली शूरबिर नाही.

तेवढ्यात त्याच्या गाडीतल्या रेडिओवर बेरिलचा आवाज आला. "नेव्हिल, कुठवर आलास रे बाबा? विमान निघालंय. सगळे तुझीच वाट बघतोय."

नेव्हिलने मान वळवून केबिनकडे बघितलं.

"विचारतेय ती," मी म्हणाले. "सांग की."

बेरिलने परत हाक मारली. नेव्हिलने खाणीच्या वाटेकडे बघितलं. मग लायलकडे, बराच वेळ. लायलही त्याच्याकडे बघत होता, आणि आता त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं दुखणं होतं. नेव्हिलने बंदूक हौद्यात माझ्या पायाशी ठेवली, पुढे जाऊन बसला आणि रेडिओ उचलला.

"फाट्यावर आहोत," तो म्हणाला. "येतोच."

मी बंदूक उचलली. उरलेली सगळी वाट त्याची मान माझ्यासमोर होती, आणि मी ती उडवली नाही, कारण गाडी तो चालवत होता. चांगली चालवत होता. मला त्याचा जीव घ्यावासा वाटत होता आणि त्याचे पाय धरावेसे वाटत होते, दोन्ही एकदमच.

धावपट्टीवर ही गर्दी. लायलला विमानात चढवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाचेल, पायही वाचेल बहुतेक. विमानाचं दार लागलं आणि मी तिथेच धुळीत बसून ढसाढसा रडले.

डोळे पुसून बघते तर लोकांनी नेव्हिलला घेरलेलं. कुणी पाठ थोपटतंय, कुणी हातात बाटली देतंय. मर्व्हने तर त्याला मिठीच मारली. बेरिल त्याच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाली, "अगं डेल, नुसती रडतेस काय? त्याला दोन शब्द तरी बोल!"

मी उठले. बंदूक अजून माझ्याच हातात होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"लायलला आणलंस," मी म्हणाले. "ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, नेव्हिल. आता यांना सांग, तो तिथे पडला कसा."

नेव्हिलने हातातली बाटली मर्व्हला परत दिली आणि टोपी काढली. मग त्याने सांगितलं, ट्रकपासून वायरीपर्यंत सगळं, एकही गोष्ट न गाळता. बेरिलचा हात शेवटपर्यंत त्याच्या खांद्यावरच होता. तो काढून कुठे ठेवायचा, हेच त्या बाईला सुचलं नाही.