मेंढ्यावर एकमत

पेंटरबाईंचा सगळा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला होता. शिवणयंत्र, चष्मा, बूट, दाढ, सांगाल ते त्या डोळे मिटून काढत. त्यामुळे इस्पितळातून बोलावणं आलं तेव्हा त्यांना वाटलं, भिंतींवर बाण काढायचे असतील.

काम निघालं भलतंच. जुन्या गाद्यांची खोली रिकामी करून तिथे प्रार्थनेची खोली केली होती आणि समोरच्या भिंतीवर एक चित्र हवं होतं. ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान असे तिन्हीकडचे लोक तिथे बसणार, म्हणून तिघांची समिती नेमली होती. एक्स-रे काढणाऱ्या बाई ज्यू, मेट्रन ख्रिस्ती आणि अँब्युलन्सचे ड्रायव्हरकाका मुसलमान. तिघांनी वीस वर्षं एकाच इस्पितळात काढलेली. चित्राचा विषय त्यांनी कपातला चहा संपायच्या आत ठरवला. मूळपुरुष तिघांचाही एकच, अब्राहाम. काका त्याला इब्राहिम म्हणत, एवढंच. देवाच्या शब्दाखातर तो पोटच्या मुलाचा बळी द्यायला निघतो, ऐन वेळी देव त्याला थांबवतो आणि मुलाच्या जागी मेंढा देतो. गोष्ट तिघांनाही तोंडपाठ होती.

दोन दिवसांत खडूने डोंगर, बाप, मुलगा आणि झुडपात अडकलेला मेंढा काढून झाला. पाट्यांची सवय, म्हणून पेंटरबाईंनी सहज विचारलं, "मुलाचं नाव काय घालू?"

"इसहाक," एक्स-रेच्या बाई म्हणाल्या. मेट्रनने मान डोलावली.

"इस्माईल," काका म्हणाले.

मग जी जुंपली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत. थोरला इस्माईल घरात असताना बाप धाकट्याला कशाला नेईल, हा काकांचा मुद्दा. आमच्या ग्रंथात नाव स्पष्ट लिहिलंय, हा बाईंचा. शेवटी नावच नको असं ठरलं. पेंटरबाईंनी चेहरे रंगवायला ब्रश उचलला, तर काका चाचरत म्हणाले की इब्राहिम आमचा पैगंबर, आणि पैगंबराचं चित्र आमच्यात चालत नाही. एक्स-रेच्या बाई तडक त्यांच्या बाजूला गेल्या. प्रार्थनेच्या जागी माणसांची चित्रं त्यांच्याकडेही नको होती. मग हे आधी का नाही सांगितलंत, असं पेंटरबाईंनी विचारल्यावर दोघंही वरमले. आम्ही गोष्टीचा विचार केला होता, चित्राचा केलाच नव्हता, म्हणाले.

मेट्रन एकट्या पडल्या. त्यांच्याकडे भिंती चित्रांनी भरलेल्या असत. निदान मेंढा तरी नीट काढा, त्या म्हणाल्या, त्याच्यात आम्हाला आमचा येशू दिसतो, दुसऱ्यांसाठी बळी गेलेला.

"त्याला कशाला यात ओढता?" एक्स-रेच्या बाई म्हणाल्या.

"ईसा आमचाही पैगंबर आहे," काका म्हणाले. "त्याच्या आईचं नावसुद्धा आम्ही आदरानेच घेतो."

"तो जन्मला आमच्या घरात," बाई म्हणाल्या, "आणि हक्क सांगताय तुम्ही दोघं."

पेंटरबाईंनी ब्रश धुतला आणि घर गाठलं. घरी नवरा आणि दोन्ही दीर बसले होते आणि नेहमीचाच वाद रंगला होता: पूर आला तेव्हा वडिलांनी खांद्यावर कोणाला घेतलं होतं? तिघंही छातीवर हात ठेवून सांगत, मला. पेंटरबाई उंबऱ्यातच थबकल्या. इतकी वर्षं त्यांना ही कटकट वाटायची. आज पहिल्यांदाच जाणवलं, की परक्या माणसाच्या खांद्यासाठी कोणी असं भांडत नाही. ही नुसती भाऊबंदकी, इथली आणि तिथलीही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओल्या फडक्याने बाप पुसला, मुलगा पुसला आणि समितीला बोलावून घेतलं.

"मेंढा होता ना?"

होता, तिघं म्हणाले.

"शिंगं?"

होती. चांगली मोठी.

"झालं तर मग. मी मेंढा रंगवते."

मेंढा भिंतभर झाला. शिंगं वळणदार, लोकर दाट, आणि चेहऱ्यावर असा हट्टी भाव की समितीतला प्रत्येक जण इतर दोघांकडे बघून गालात हसला.

तेवढ्यात इस्पितळाचे मोठे साहेब आले. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, की हा गुरांचा दवाखाना आहे का, आणि हे पुसून फुलांची कुंडी काढा, असं फर्मावलं.

पेंटरबाईंनी ओलं फडकं उचललं. पण त्या काही बोलायच्या आत मेट्रन पुढे झाल्या, एक्स-रेच्या बाईंनी हाताची घडी घातली आणि काका मेंढ्यापुढे आडवे उभे राहिले.

"साहेब," काका शांतपणे म्हणाले, "हा आमच्या घरातला मामला आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

साहेबांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. राउंडला उशीर होतोय असं काहीसं पुटपुटत ते गेले, आणि मेंढा राहिला.

पेंटरबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकून डब्यांना झाकणं लावली, शिडी मिटली. मागे मेट्रन हळूच म्हणत होत्या, की लोकर जरा पांढरी हवी होती. काका म्हणाले, करडी. एक्स-रेच्या बाई काय म्हणाल्या ते ऐकायला पेंटरबाई थांबल्या नाहीत. शिडी काखेत मारून त्यांनी जवळजवळ धावतच फाटक गाठलं, आणि रस्त्यावर आल्यावर मात्र त्या इतक्या हसल्या, की डोळे पुसायला रंगाचं फडकंच हाती आलं.