रस्ता मोकळा होता

नाब्लुसमधल्या निम्म्या बायकांना गाडी चालवायला सुहैलानेच शिकवलं होतं. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं तिचं पोट त्या पांढऱ्या फियाटवर चाललं होतं. त्या मंगळवारी दहा ते दोन संचारबंदी उठवली होती. अबू फौजीच्या भट्टीसमोर फुटपाथला चिकटून गाडी लावून ती रोट्यांच्या रांगेत उभी राहिली.

दीडच्या सुमाराला शहर ताब्यात घेतलेल्या परक्या सैन्याची चिलखती गाडी आली. रस्ता मोकळा होता. तीन ट्रक शेजारीशेजारी गेले असते. तरी ती मुद्दाम वळली आणि फियाटवर चढली. टप चेपला, काचा उडाल्या. रांग भिंतीला चिकटली. सुहैला मात्र पुढे जाऊन त्या धुडासमोर उभी राहिली.

"घरी जा. संचारबंदी आहे," भोंग्यातून मोडक्यातोडक्या अरबीत आवाज आला.

"दोन वाजायला अर्धा तास आहे. घड्याळ कळत नाही का तुला?" तिने पत्र्यावर थाप मारली. उन्हाने तापलेला पत्रा. हात पोळला, तशी तिने आणखी एक मारली. "खाली उतर. काय केलंस ते बघ."

गाडीच्या माथ्यावरचं झाकण उघडलं. हेल्मेटखाली कोवळा चेहरा. "दिसली नाही," तो म्हणाला.

"आंधळ्याला मी कधी परीक्षेला बसवलं नाही. तुला कोणी पास केलं रे?"

रांगेत कुणीतरी हसलं. ते त्याला झोंबलं असावं. झाकण आपटलं. चिलखती गाडी तशीच मागे सरकली आणि फियाटवरून दुसऱ्यांदा गेली, सावकाश, तिला नीट दिसावं म्हणून.

अबू फौजीने तिला दंड धरून ओढलं. "चल बाई, जीव राहिला तर गाडी होईल."

"तुझी भट्टी चिरडली असती तर हेच म्हणाला असतास?"

म्हाताऱ्याने तिचा दंड सोडला.

पुढच्या वेळी संचारबंदी उठली तेव्हा ती भरपाईचा अर्ज घेऊन लष्कराच्या कचेरीत गेली. तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याने मान वर न करता विचारलं, "गाडी नियमाप्रमाणे लावली होती का?" सुहैलाने अर्ज फाडला, तुकडे त्याच्या चहात टाकले आणि ती बाहेर पडली.

महिनाभराने भावाच्या जुन्या प्यूजो गाडीला तिने आपल्या बाजूला दुसरा ब्रेक बसवून घेतला. पहिली शिकाऊ होती हदील, दवाखान्यातली नर्स. अरुंद चढावर गाडी बंद पडली, आणि तेवढ्यात मागून घरघर आली. चिलखती गाडी. भोंगा वाजला.

"मावशी, तेच आहेत," हदील आरशात बघत म्हणाली.

"असू देत. न्यूट्रल कर. आता चावी."

इंजिन सुरू झालं. हदीलने गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला, गाडी हलेना. मागे भोंगा पुन्हा पुन्हा ओरडत होता. हदीलने खाली पाहिलं.

"मावशी, ब्रेकवर तुमचा पाय आहे."

"माहीत आहे मला," सुहैला म्हणाली. पाय तिने उचलला नाही.