चूक क्रमांक सतरा

हॉलिवूडशेजारच्या बरबँकमधल्या एका डायनरच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सकाळी साठी-सत्तरीचे पुरुष आपापल्या जुन्या गाड्यांची बॉनेटं उघडून उभे राहत आणि एकमेकांच्या इंजिनात डोकं घालून बारशाला आल्यासारखे कौतुकाचे आवाज काढत. सख्ख्या नातवंडांची नावं विचारली असती तर त्यांतले निम्मे अडखळले असते. पण अडुसष्ट सालच्या मॉडेलला कुठला कार्ब्युरेटर होता, हे त्यांनी भूल दिलेल्या अवस्थेतही सांगितलं असतं.

आज लेनोर टॅलबर्ट वडिलांची गाडी घेऊन आली होती. ओरिन टॅलबर्टना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि जुन्या गाड्यांच्या या क्लबने हा रविवार त्यांच्या स्मरणार्थ ठेवला होता. म्हणजे गाडी मधोमध उभी करायची, पॅनकेक खायचे आणि नेहमीच्याच गप्पा नेहमीपेक्षा हळू आवाजात मारायच्या.

गाडीपुढे क्लबचे अध्यक्ष मर्ल यांनी रिवाजाप्रमाणे कार्ड ठेवलं होतं. इंजिन, रंग, साल, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘रेक्स हॅलोरनने पाठलागात पळवली ती हीच!’ रेक्स म्हणजे त्या काळचा मोठा नट; त्याच्या गाजलेल्या चित्रपटातल्या नऊ मिनिटांच्या पाठलागाचं शूटिंग संपल्यावर स्टुडिओने भंगारात काढलेली ही गाडी तिथल्या गॅरेजातल्या ओरिनने उचलली, एवढंच क्लबला ठाऊक होतं.

“मर्ल, हे कार्ड बदला,” लेनोर म्हणाली. “इथे बाबांचं नाव हवं.”

“आहे की! मालक: ओरिन टॅलबर्ट. खाली बघ, बारीक अक्षरांत.”

“मालक म्हणून नाही. त्या पाठलागात गाडी रेक्स चालवत नव्हता. बाबा चालवत होते.”

शेजारी उभ्या फ्लॉयडचा पॅनकेक काट्यावरच राहिला.

“पोरी,” मर्ल मायेने म्हणाले, “दुःखात माणूस काहीबाही बोलतो. कॉफी घे.”

लेनोरला यंदा साठावं लागलं होतं. तिने कॉफी घेतली नाही.

“रेक्सने स्वतः मुलाखतीत सांगितलंय,” फ्लॉयड म्हणाला. “नऊच्या नऊ मिनिटं तोच चाकामागे!”

“रेक्स स्टुडिओच्या फाटकाला दोनदा धडकला होता, फ्लॉयड. फाटक उघडं असताना.”

कुणीच हसलं नाही. इथे देवाधर्माची टिंगल चालत असे, रेक्सची नाही.

“पुरावा?” मर्लनी विचारलं.

“तुमच्या खिशात आहे. यादी काढा.”

ती यादी म्हणजे मर्ल यांचं आयुष्यभराचं काम. त्या नऊ मिनिटांतल्या एक्केचाळीस चुका त्यांनी चित्र थांबवून थांबवून हुडकल्या होत्या. तेच फळांचं दुकान दोनदा उडतं, फुटलेला दिवा वळणापलीकडे आपोआप जोडला जातो, दुपारची सावली मध्येच सकाळची होते. मर्लनी चष्मा लावला.

“सतरावी वाचा.”

“‘पुलाच्या वळणावर नायकाचं घड्याळ डाव्या मनगटावरून उजव्यावर जातं.’ ही माझी सगळ्यात आवडती. बारा वेळा बघितलं तेव्हा सापडली.”

“बाबा डावखुरे होते. घड्याळ उजव्या मनगटावर बांधायचे. वीस वर्षं त्यांच्यासमोर बसून त्याच हाताकडे सिरपची बाटली सरकवलीत ना?”

मर्लनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांचा चेहरा उजळला. “फिल्म उलटी छापली असेल!”

“मग डावीकडचं स्टिअरिंगही उजवीकडे गेलं असतं.”

फ्लॉयडने काटा खाली ठेवला. “पण ओरिन कधी बोलला कसा नाही? मर्ल सतरावी वाचायचा तेव्हा तो हसायचा. म्हणायचा, काय निष्काळजी लोक!”

“स्टुडिओला शब्द दिला होता. पडद्यावर चेहरा ज्याचा, गाडीही त्यानेच चालवली, असं म्हणायचं. त्या धंद्यात तसंच असतं. रेक्सला जाऊन बारा वर्षं झाली, आता बाबाही गेले. माझ्याकडून कुणी शब्द घेतलेला नाही.”

ती सात वर्षांची असताना वडील बरगड्यांना पट्टी बांधून घरी आले होते; शिडीवरून पडलो म्हणाले. नंतर थिएटरात लोकांनी रेक्ससाठी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या. बरगड्या अजूनही दुखत होत्या म्हणून हळू. हे तिने या मंडळींना सांगितलं नाही. त्यांनी लगेच पट्टी कुठल्या कंपनीची ते विचारलं असतं.

“म्हणजे चुका चाळीसच उरतात,” मर्ल पुटपुटले. मित्र गेल्याच्या दिवशीही त्यांचा आवाज इतका पडला नव्हता. “मी तर फ्रेस्नोच्या क्लबलासुद्धा एक्केचाळीस पाठवल्यात.”

क्लबच्या समितीतले चौघे गाडीआड गेले. बरीच कुजबुज झाली. परत येऊन मर्लनी ठळक ओळीखाली मार्करने लिहिलं: ‘पाठलागातील चालक: ओरिन टॅलबर्ट (असं म्हणतात).’

लेनोरने ते वाचलं, त्यांच्या हातून मार्कर घेतला आणि रेक्सची ओळ खोडली. मग कंसातले शब्दही खोडले.

“अगं, कार्डावर खाडाखोड नियमात बसत नाही!”

“मग नवं लिहा. मी थांबते.”

तिने बॉनेट खाली पाडलं आणि जीन्सच्या मागच्या खिशातल्या किल्ल्यांसकट त्या चकचकीत रंगावर बसली. चाळीस पुरुषांनी एकदम श्वास ओढला.

“हलू नकोस,” मर्ल घाबऱ्या आवाजात म्हणाले. “अजिबात हलू नकोस. फ्लॉयड, कोरं कार्ड आण. पळ!”