नवाबाच्या टाकीतला स्पंज

मी स्पंजचा फिल्टर बोलतोय. दिसायला मुठीएवढा, मधोमध एक पोकळ दांडी आणि तिला जोडलेली हवेची नळी. पंपाची हवा माझ्यातून बुडबुडे होऊन वर जाते, तिच्यामागे पाणी ओढलं जातं आणि पाण्यातली घाण माझ्यात अडकते. रुबाब म्हणाल तर शून्य.

दुकानात मला धाकटीने निवडलं. तिच्या हातातल्या पिशवीत लांब, झालरीसारख्या पंखांचा लाल फायटर मासा होता. त्याचं नाव तिने आधीच ठरवलं होतं, नवाब. सोबत तिचे वडील, अप्पा. अप्पांची उभी हयात पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेलेली. त्यांच्या लेखी पाण्याचा एकच गुण, तो म्हणजे जोर. त्यांनी थेट सगळ्यात मोठ्या फिल्टरवर बोट ठेवलं.

"घ्यायचा तर दणकट घे. धार बघ कशी आहे!"

"अप्पा, मासा पाळायचाय, शेत भिजवायचं नाहीये."

"आणि हा काय? भांडी घासायचा स्पंज आणि सलाइनची नळी. लोक हसतील."

"हसू देत. नवाबाचे पंख बघा. त्या धारेत तो दिवसभर फरफटत राहील. आधी मासा बघायचा, मग टाकी, मग फिल्टर. तुमचं सगळं उलटं."

दुकानदार गालातल्या गालात हसला आणि त्याने मला खोक्यातून बाहेर काढलं.

घरी टाकीत बसवल्यानंतरचे ते दिवस आठवले की आजही मन हळवं होतं. हळूहळू माझ्या छिद्राछिद्रांत डोळ्यांना न दिसणारे जीव वस्तीला आले. नवाबाच्या विष्ठेतून पाण्यात उतरणारं विष ते पचवून टाकत. मी तपकिरी झालो, बुळबुळीत झालो आणि खरं सांगतो, तेव्हाच कामाचा झालो. दमला की नवाब माझ्या डोक्यावर येऊन टेकायचा. त्याच्या पंखांची ती गुदगुली!

धाकटी मला कधी नळाखाली धरत नसे. टाकीतलंच पाणी बादलीत काढायची आणि त्यात मला दोनदा हलकेच पिळायची. शिकायला दुसऱ्या शहरात जाताना तिने अप्पांना बजावलं, "नळाचं पाणी नको. घासायचं नाही. चकचकीत तर अजिबात करायचं नाही."

"कळलं गं. पंप चालवलेत मी आयुष्यभर."

वडीलधाऱ्यांची हीच गंमत आहे. एकदा सांगितलेलं ते ऐकत नाहीत आणि दुसऱ्यांदा सांगितलं की त्यांचा अपमान होतो.

ती गेल्यावर पहिल्याच रविवारी अप्पांनी मला बाहेर काढलं आणि तोंड वाकडं केलं. "काय ही घाण! पोरगी येईल तेव्हा टाकी कशी लखलखीत दिसली पाहिजे." उकळतं पाणी, ब्रश आणि वर दिवसभराचं कडक ऊन. त्यांनी मला मायेनेच मारलं. मी पांढराशुभ्र झालो आणि माझ्यातली सगळी वस्ती उठली.

मला परत टाकीत सोडलं खरं, पण चार दिवसांत पाणी गढुळलं. नवाब मलूल झाला. दोष कुणाचा? अर्थात माझा! "म्हटलं नव्हतं?" असं भिंतीला ऐकवत अप्पांनी निम्मं पाणी बदललं, तो दणकट फिल्टर आणला आणि मला टाकीसमोरच्या टेबलाच्या खणात टाकलं, जुन्या सेलच्या आणि नेलकटरच्या शेजारी.

खणाच्या फटीतून मला सगळं दिसायचं. पाणी नितळ झालं, पण नवाब त्या धारेने कोपऱ्यात ढकलला जायचा. खाणं तोंडापर्यंत येण्याआधी वाहून जायचं. पंखांच्या कडा फाटल्या. मी समोरच्या पाण्याचा आवाज ऐकत कोरडा पडून असायचो. स्पंजाला तहान लागते म्हणजे काय, ते कुणाला सांगू?

धाकटीचा व्हिडिओ कॉल आला की अप्पा आधी फिल्टरचं बटण बंद करायचे. धार थांबली की नवाब बिचारा पुढे यायचा.

"अप्पा, फिल्टरचा आवाज येत नाहीये."

"तुझा आवाज नीट ऐकू यावा म्हणून बंद केलाय."

खोटं होतं, पण अगदीच खोटंही नव्हतं.

एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर अप्पांनी बटण लावलं. नवाब भिरभिरत कोपऱ्यात गेला. अप्पांनी बटण बंद केलं. तो बाहेर आला. पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. पंपघरातल्या माणसाला बिघाड ओळखायला वेळ लागत नाही, कबूल करायला लागतो. बराच वेळ ते काचेपुढे उकिडवे बसून राहिले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः होऊन लेकीला फोन लावून सल्ला विचारला.

"तो तुझा स्पंज... पुन्हा चालू करायचा तर कसा गं?"

"अप्पा, धुतलात ना?"

"धुतला. उकळून. आणि मग तो मोठा फिल्टर आणला."

मला वाटलं, आता कडकडाट होणार. झालाच! पण तो ओसरल्यावर ती म्हणाली, "मोठ्या फिल्टरची धार कमीत कमी करा, पण तो काढू नका. त्याच्यातला गाळ स्पंजावर पिळा आणि दोन्ही एकत्र चालू ठेवा. महिनाभर तरी धीर धरा."

"गाळ? पिळायचा?"

"हो. घाणच हवीये त्याला."

ज्या हातांनी मला घासून घासून पांढरं केलं, त्याच हातांनी अप्पांनी माझ्यावर काळपट गाळ पिळला. नाक मुरडत, पण एक थेंब वाया न घालवता.

आता मी पुन्हा पाण्यात आहे. अजून रंग चढलेला नाही. नवाब लांबून बघतो, जवळ येत नाही. बाबा रे, मी तोच आहे! माझ्या अंगाला अजून उन्हाचा वास येत असेल, पण जाईल तो. जरा थांब.

परवा धाकटीचा कॉल आला. अप्पांचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि मागे आला. त्यांनी मोबाइल काचेपाशी नेला. फाटक्या पंखांचा नवाब तिला दिसला, माझे बुडबुडे ऐकू गेले.

"बघ," अप्पा म्हणाले, "जसं आहे तसं."

ती हळूच म्हणाली, "सुट्टीत येतेय."

तेव्हापासून अप्पा रोज खुर्ची ओढून टाकीपुढे बसतात. मी नवाबाची वाट बघतो, ते तिची. माझं एकच मागणं आहे. अप्पा, ती येणार म्हणून मला धुवू नका.