दीड मीटरचा चढ

सासरेबुवांनी हयातभर लिफ्ट बसवल्या. हजारो माणसं वर चढवली, पण वर चढताना पाणी दमतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. पंपाच्या खोक्यावर ताशी चार हजार लिटर छापलंय ना, मग चार हजारच! मत्स्यालयाखालच्या कपाटातल्या टाकीतून दीड मीटर वर, तेही तीन वळणं घेत जाताना त्यातलं निम्मंही उरत नाही, हे जावयाचं तीनदा सांगून झालं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

वरच्या काचेच्या टाकीत त्यांची जिवंत प्रवाळं होती, जीव की प्राण. पाणी पुरेसं फिरत नव्हतं म्हणून ती महिनाभर अंग आखडून बसली होती.

जावयाची घालमेल वेगळीच. दोन महिन्यांसाठी म्हणून तो बायकोसह या घरात आला, त्याला तीन वर्षं झाली. आता दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळत होती आणि सोमवारी होकार कळवायचा होता. सासरे म्हणाले, "टाकी तेवढी मार्गी लावा, जावईबापू, की तुम्ही मोकळे. मी कोण अडवणारा?"

अडवत कुणीच नव्हतं, हीच पंचाईत. भांडायला तरी कुणाशी भांडणार?

शनिवारी दोघं दुकानात गेले. सासऱ्यांनी सर्वांत मोठा पंप उचलला. "दहा हजार! एक घाव दोन तुकडे."

"बाबा, एवढ्या जोराने प्रवाळांची सालं निघतील. आपली टाकी चारशे लिटरची. तासाला पाच वेळा पाणी वर गेलं की झालं. आतलं पाणी घुसळायला वेगळे पंखे लावू."

क्षणभर त्याच्या मनात आलं, घेऊ दे की दहा हजार लिटरवाला. आठवड्यात टाकीचे बारा वाजतील आणि कटकट मिटेल. पण मुके जीव ते, त्याला धीर होईना. खोक्यावरच्या आलेखात दीड मीटरच्या रेघेवर त्याने बोट ठेवलं, वळणांसाठी थोडं वाढवलं आणि मधला पंप घेतला.

रविवारी सकाळी पंप बसवून त्याने मुद्दाम वीज बंद केली. वरचं पाणी खाली उतरलं, खालच्या टाकीत काठापाशी येऊन थांबलं. फरशीवर थेंब नाही. पुन्हा बटण दाबताच पाणी न कुरकुरता चढू लागलं. संध्याकाळपर्यंत प्रवाळं बोटं पसरून डोलायला लागली. त्याचा ऊर भरून आला, नाही कशाला म्हणा.

पंप कधी उघडायचा, कसा धुवायचा, सगळं लिहून त्याने कागद सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी तो न वाचताच घडी घालून त्याच्याच खिशात सरकवला. डोळे भरले होते त्यांचे.

"तुमच्या सासूबाई गेल्यापासून या घरात एवढं छान काही घडलं नव्हतं. आता हे परक्याच्या हाती देऊ होय?"

त्याने आशेने बायकोकडे पाहिलं. ती वडिलांच्या पाठीवरून हात फिरवत होती. "पुढच्या वर्षी जाऊ ना रे," ती हळूच म्हणाली. "आत्ता कसं बोलायचं?"

त्याला संताप आला, आपल्याच चोख कामाचा. सोमवारी नकार कळवावा लागणार हे त्याला कळून चुकलं.

सासरे डोळे पुसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. "काय हो, इथे सहाशे लिटरची मावेल?"

जावयाने भिंत नजरेने मोजलीसुद्धा.

"मावेल," तो म्हणाला. "पण पंप याहून मोठा लागेल."