काळ्या टी-शर्टचं सोवळं

आमच्या नीलकंठने वेदपाठशाळा सोडली तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं होतं. ‘मला तुमच्यासारखं व्हायचं नाही,’ असं बाबांना तोंडावर सांगून तो ‘चिताभस्म’ या आमच्या बनारसच्याच रॉक बँडचा भक्त झाला. मी त्याची धाकटी बहीण, त्यामुळे ती भक्ती मला घरातच भोगावी लागली.

बँडचा काळा टी-शर्ट वेगळा धुवायचा, वेगळ्या दोरीवर वाळत घालायचा. एकदा मी उचलला तर केवढा भडकला! ‘ईशानी, हात नको लावू! पहिल्या शोचा आहे तो!’ शेजारच्या दोरीवर बाबांचं सोवळं वाळत होतं. त्यालाही हात लावायची मला बंदीच.

भक्तमंडळींत जातपातही होती. बँडला कुणी विचारत नव्हतं तेव्हापासून ऐकणारे ते अस्सल. पुढच्या रांगेचा मान त्यांचा. मोबाइलवर रील बघून आलेले ते बाटगे, त्यांनी मागे उभं राहायचं. नीलकंठ अस्सलांचा मुखिया.

यंदा राजा घाटावर कार्यक्रम झाला. पोरगा नक्की कशापायी बिघडला ते बघायला बाबाही आले. गायक विश्वजीतने जुनंच गाणं धरलं, पण चाल बदलून, अगदी संथ. इतकं सुंदर, की माझ्या अंगावर काटा आला.

नीलकंठने ताडकन हात वर केला. ‘रुको! गलत है! फिर से!’

पाठशाळेत स्वर चुकला की गुरुजी असंच थांबवतात आणि विद्यार्थी मुकाट्याने पहिल्यापासून म्हणतो. अस्सलांनीही ‘फिर से’चा घोष लावला.

‘गाना मेरा है, भाई,’ विश्वजीत म्हणाला.

‘लेकिन सही हमको याद है.’

‘तो तुम ही गा लो.’ विश्वजीतने माइक त्याच्या हातात दिला, गिटार उचलली आणि बँडला घेऊन पायऱ्या चढून निघून गेला.

नीलकंठ खरंच गायला. तीच चाल, तेच थांबे, पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये विश्वजीत खोकला होता तो खोकलासुद्धा. अस्सल माना डोलवत होते. बँड गेल्याचं कुणाला काही वाटलेलं दिसलं नाही.

बाबांचे डोळे भरून आले. सगळ्यांदेखत पुढे होऊन त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ‘एक स्वर चुकला नाहीस रे! शेवटी माझ्याच वळणावर गेलास.’

नीलकंठचा चेहरा पडला. मला आधी हसू आलं, मग त्याची दया आली.

दुसऱ्या दिवशी काळा टी-शर्ट धुण्याच्या ढिगात पडला होता. मी त्या टी-शर्टनेच ओटा पुसला.